उजवा हात वर केलेली मुलगी

आमची आई शेवटपर्यंत मला विचारायची, "पोरांना शिकवायला मास्तर असतो हे समजतं. पण मास्तरांना शिकवायला आणखी एक मास्तर कशाला?" मी दरवेळी तिला काहीतरी नवं उत्तर द्यायचो आणि ती दरवेळी "बरं बाबा" म्हणून पुन्हा भाकरी थापायला लागायची. आता नोकरी संपून बरीच वर्षं झाली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला एका प्रसंगानं दिलं, पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. कुणालाच सांगण्यासारखं नव्हतं. आज लिहितोय.

नव्वदच्या दशकात बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या प्राथमिक शिक्षकांची प्रशिक्षणं घेणं हे माझं काम. त्याआधी अकरा वर्षं मी स्वतः वर्गावर होतो. अक्षर बरं आणि आवाज मोठा, एवढ्या भांडवलावर वरच्या लोकांनी मला उचललं आणि 'तज्ज्ञ' केलं. एका वेळी चाळीस शिक्षक, दहा दिवस, एखाद्या शाळेचा हॉल, दुपारी पिठलं-भाकरी. त्यांना शिकवायचं काय, तर पाठ आखायला. उद्या वर्गात जाऊन मी काय विचारणार, मुलं काय करणार, कोणतं साहित्य वापरणार, मुलांना ते समजलं की नाही हे कसं तपासणार, हे सगळं आदल्या दिवशी कागदावर मांडायचं. त्या कागदाला आम्ही टाचण म्हणतो. टाचणाला रकाने असतात. उद्दिष्ट, साहित्य, प्रश्न, अपेक्षित उत्तर आणि सगळ्यात शेवटी मूल्यमापन. बहुतेक गुरुजी गेल्या वर्षीचं टाचण काढून तारीख बदलायचे. एकानं तारीखही बदलली नव्हती. मी बोट ठेवलं तर म्हणाला, "सर, सूर्यमाला गेल्या वर्षी होती तीच आहे की."

त्याच सुमाराला शाळांमध्ये यंत्रं येऊ लागली. टेपरेकॉर्डर, काही ठिकाणी टीव्ही, केंद्रशाळेत एखादा ओव्हरहेड प्रोजेक्टर. त्यांचा वापर टाचणात दिसला पाहिजे असा आदेश निघाला. पण यंत्र बिघडलं तर जबाब द्यावा लागेल या भीतीनं बऱ्याच शाळांनी ते कपाटात कुलूपबंद करून ठेवलेलं. एका शाळेत टेपरेकॉर्डरला हळदकुंकू वाहिलेलं होतं, ते दसऱ्याचं होतं आणि मी गेलो तेव्हा फेब्रुवारी चालू होता. ती कुलपं काढून घेणं हाही माझ्या नोकरीचाच भाग होता आणि त्याचा मला अभिमान होता.

गिऱ्हाइकं एकेक भारी भेटली. इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या अलीकडे एका गावात कदम तात्या नावाचे गुरुजी होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, डोक्यावर पांढरी टोपी. प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक फिल्म मिळत नसत म्हणून आम्ही दवाखान्यातले जुने एक्स-रे मागून आणायचो, सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचो आणि त्यावर पेनानं चित्र काढायचो. तात्यांनी त्यावर जलचक्र काढलं. खिडक्यांना पोती लावली, दिवा लावला आणि भिंतीवर ढग उमटला. ढगाच्या मागे कुणाच्या तरी बरगड्या. फिल्म नीट धुतलीच गेली नव्हती.

पोरं जलचक्र विसरली. ह्या कुणाच्या, किती हायती, आपल्याला बी हायती का, असं सुरू झालं. मला घाम फुटला. तात्या शांतपणे म्हणाले, "आपापल्या मोजा रं. आन् मोजताना श्वास आत वढा." पुढची वीस मिनिटं त्यांनी श्वासावर असा पाठ घेतला की मी वहीत लिहायचं विसरलो. शेवटी मी विचारलं, "तात्या, हे टाचणात कुठं होतं?" ते म्हणाले, "न्हवतं. पोरास्नी इचारावंसं वाटलं, मंग म्या काय करू? आन् लाईट हाय तवर घ्यावं उरकून, हितली लाईट पावण्यावानी येती आन् जाती." मी त्यांना मार्क कमी दिले, पाठ आखणीनुसार झाला नाही म्हणून. हे आठवलं की आजही ओशाळतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या धंद्यात एक रीत होती, जी कुठल्याच प्रशिक्षणाच्या पुस्तकात नाही आणि प्रत्येक गुरुजीला ठाऊक आहे. अधिकारी वर्गात आला की प्रश्नाला सगळ्या पोरांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. अधिकाऱ्याला दिसतं की वर्गातल्या प्रत्येक पोराला उत्तर येतंय. गुरुजी मात्र उजवा हात बघून बोट करतात. मी वर्गावर होतो तेव्हा हे केलं. तज्ज्ञ झाल्यावर जाहीरपणे निषेध केला आणि चहाच्या सुट्टीत शिकवलं. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा मनापासून वाटत नव्हतं. पोरांची फजिती टळते, असं म्हणायचो.

कऱ्हाटीच्या पलीकडे माळावर एक वस्ती होती. कऱ्हेच्या काठची, पण नदी बहुतेक वर्ष कोरडीच. पूर्वी मेंढरं राखणारी, आता थोडी शेती आणि पडेल ते काम करणारी घरं. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर जगताप बाई होत्या. तिशीच्या, किरकोळ अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. प्रशिक्षणात त्या मागच्या रांगेत बसायच्या आणि टाचण कायम अर्धवट असायचं. प्रश्नांचा रकाना भरलेला, अपेक्षित उत्तराचा रकाना कोरा. मी चिडून विचारलं तर म्हणाल्या, "मुलं काय म्हणतील ते मला आधी माहीत नसतं, सर." सगळा हॉल हसला. मीही हसलो.

जानेवारीत त्या मला एक कॅसेट देऊन गेल्या. त्यांची पद्धत अशी होती की टेपरेकॉर्डरमध्ये सेल घालून तो शाळेमागच्या लिंबाखाली ठेवायचा आणि एकेका पोरानं एकट्यानं तिथं जाऊन त्याला हवं ते बोलायचं. वर्गात तोंड न उघडणारी पोरं यंत्राशी बोलायची. त्या बोलण्यातूनच बाई दुसऱ्या दिवशीचा पाठ काढायच्या. पाठाची सुरुवात पोराच्याच आवाजानं व्हायची आणि मग बाई त्यावर असे प्रश्न विचारायच्या की पोरांना विचार करावाच लागे.

"यात सगुणा म्हणून तिसरीतली मुलगी आहे सर," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं शाळेत एक शब्द बोलली नाही. पहिल्या बाजूला जवळजवळ तीच आहे. आजोबांची मेंढरं कुठून कुठं जायची ते सांगितलंय तिनं. तुम्ही एकदा ऐकाच." मी म्हणालो, "ऐकतो की." कॅसेट पिशवीत टाकली. पुढे दीड महिना ती पिशवीतच होती. मी ज्या गोष्टीवर हॉलमध्ये तासन्‌तास व्याख्यानं देत होतो तीच एका बाईनं करून माझ्या हातात ठेवली होती आणि मला ती ऐकायला अर्धा तास नव्हता.

मार्चच्या सुरुवातीला पुण्याहून मोठे अधिकारी येणार असल्याचं कळलं. त्यांच्यासमोर मी स्वतः आदर्श पाठ घ्यायचा, तो ध्वनिमुद्रित करायचा आणि ती कॅसेट बाकीच्या तालुक्यांना ऐकवायची, असं ठरलं. विषय होता दिशा. जागा, पणदऱ्याच्या बाजूची बागायती पट्ट्यातली एक शाळा. तिचं नाव लिहीत नाही. सर्व स्तरांतली मुलं असावीत अशी सूचना होती म्हणून जगताप बाईंनाही चार पोरं घेऊन बोलावलं. त्यात सगुणा होती. तेल लावून चप्प बसवलेले केस, दोन वेण्या, मोठ्या मापाचा गणवेश. तिला बाईंनी का आणलं असेल, हा विचारही माझ्या मनात आला नाही.

आदल्या दिवशी तालीम झाली. कोणत्या प्रश्नाला कुणी उठायचं ते ठरलं. वस्तीवरून आलेल्या पोरांना मी सांगितलं, "तुम्ही प्रत्येक वेळी हात वर करा, पण डावा. बोलायचं टेन्शन नाही." सगुणानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गाड्या दारात आल्या आणि लक्षात आलं की कोरी कॅसेट आणलीच नाही. गावात मिळेना. पिशवीत बाईंची होती. ज्यांनी कॅसेट वापरल्या आहेत त्यांना आठवत असेल, कडेला प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी असायची. ती मोडली की कॅसेटवर पुन्हा आवाज भरता येत नसे. बाईंनी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मोडल्या होत्या. म्हणजे हे पुसू नका, असं त्यांनी जवळजवळ लिहूनच दिलं होतं. मी तक्त्याला लावायची चिकटपट्टी घेतली, पहिल्या बाजूच्या मोडलेल्या पट्टीच्या भोकावर लावली, म्हणजे पुन्हा आवाज भरता येतो, आणि बटण दाबलं. पोरांची बडबड आहे, पुन्हा भरून घेतील, असं मनाशी म्हटलं.

पाठ छान रंगला. होकायंत्र आणलं होतं, तक्ते होते, प्रोजेक्टरवर नकाशा होता. अधिकारी मान डोलावत होते. मग मी शेवटचा कठीण प्रश्न टाकला, "आभाळ ढगांनी भरलंय, सूर्य दिसत नाही, तर पूर्व दिशा कशी ओळखाल?" टाचणात अपेक्षित उत्तर होतं, होकायंत्राच्या साहाय्याने. ते मधल्या रांगेतल्या एका चुणचुणीत पोराला दिलेलं होतं.

चाळीस हात वर गेले. तिसऱ्या रांगेत सगुणाचा हातही वर होता. उजवा. नुसता वर नव्हता, ताठ होता, आणि ती थेट माझ्याकडे बघत होती. मी थोडा थांबलो. मला आलेला विचार आजही शब्दन्‌शब्द आठवतो. दिशांचा पाठ चाललाय आणि हिला डावं-उजवं कळत नाही. मी मधल्या रांगेकडे बोट केलं. "होकायंत्राच्या साहाय्याने, सर." टाळ्या झाल्या. सगुणानं हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

पाठ संपल्यावर मी बाईंना कॅसेटबद्दल सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "असू द्या सर. दुसऱ्या बाजूची पोरं आहेत ना अजून. सगुणाचं जूनमध्ये पुन्हा भरून घेईन." मला हायसं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी विसरलोही.

मे महिन्यात सगुणा गेली. तीन दिवसांचा ताप. शाळेला सुट्टी होती, बाई माहेरी होत्या. त्यांना जूनमध्ये शाळा उघडल्यावर हजेरी घेताना कळलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाई बारामतीला माझ्या कार्यालयात आल्या. बरोबर एक उंच, वाळलेला माणूस होता, खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं. तो दाराबाहेर चपला काढून आत आला. बाई म्हणाल्या, "हे बिरा. सगुणाचे वडील." आणि मग जमिनीकडे बघत, "त्यांच्याकडे तिचा फोटो नाही सर. एकही. कॅसेटच्या पहिल्या बाजूचं काय झालं ते मी त्यांना सांगितलंय. पण त्या दिवशीच्या पाठाला ती होती. सगळ्यांबरोबर 'हो' तरी म्हणाली असेल."

बिरा मला नमस्कार करत म्हणाला, "सायेब, ल्येक आमची घरात लई बडबडायची. आन् आता आवाज याद करतुया तर नीट याद येत न्हाय. तिची आई म्हनली, बाईंकडं डबीत हाय तर आना जा. येवढंच काम हुतं."

मी खुर्चीवरून उठलो, कपाटातून कॅसेट काढली. त्याला खुर्ची दिली, पण तो टेपरेकॉर्डरजवळ खालीच बसला. मी बटण दाबलं. माझा आवाज सुरू झाला. किती आवाज होता तो माझा! मुलांनो, सांगा बरं, शाब्बास, छान, टाळ्या. मधेमधे पोरांचं एका सुरातलं "हो सर". प्रत्येक "हो सर"ला बिरा कान पुढे करायचा आणि मान हलवायचा, नाही म्हणून. वीस-पंचवीस मिनिटं असं चाललं. मग तो प्रश्न आला. ढगांचा. त्यामागून टेपवर ती शांतता आली, नुसती खरखर. तिच्यात काय आहे ते त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं.

मी टेप थांबवली.

न सांगता सुटता आलं असतं. पण तो माणूस ज्या आशेनं तिथं मांडी घालून बसला होता ते मला बघवेना. मी म्हणालो, "बिरा, इथं ती आहे. बोलत नाहीये, पण आहे. ह्या प्रश्नाला तिनं हात वर केला होता. मी तिला विचारलं नाही." डाव्या-उजव्याची सगळी गोष्ट मी त्याला सांगितली. आम्ही काय शिकवून ठेवलं होतं, तिनं कोणता हात केला आणि मला काय वाटलं, तेही. बाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांनाही हे माहीत नव्हतं. त्या अगदी मागे बसल्या होत्या, चाळीस हातांच्या गर्दीत तिचा हात त्यांना वेगळा दिसला नव्हता.

बिरानं टेपरेकॉर्डरकडे बघितलं. मग म्हणाला, "उजवाच व्हता न्हवं?"

"हो."

"मंग यत असंल तिला." आणि मग, "काय सवाल हुता म्हनला?"

मी पुन्हा सांगितला. ढग आले, सूर्य दिसत नाही, पूर्व कशी ओळखायची.

"उगवत व्हय?" तो म्हणाला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "ढग आलं म्हनून काय झालं? कऱ्हा कुठं जाती ती? उगवतीलाच जाती की. पानी नसलं तरी नदीचं पात्र काय उठून फिरतंय? माज्या बानं मला सांगिटलं, म्या तिला सांगिटलं. मेंढरामागं हिंडनाऱ्याला हे यावंच लागतं. तिला चांगलं ठावं हुतं, सायेब."

बाई हुंदका देत म्हणाल्या, "लिंबाखाली तिनं हेच सांगितलं होतं. म्हणून तर तिला आणलं होतं मी."

बिरानं यंत्राकडे बोट केलं. "तेवढंच पुन्ना लावा."

मी टेप मागे घेतली. प्रश्न, आणि मग ती खरखर. त्यानं डोळे मिटले होते. पाच-सहा सेकंदांची ती जागा त्यानं तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा होकायंत्राचं उत्तर यायच्या आत त्यानं हात वर करून मला थांबवलं आणि उठला.

मी कॅसेट डबीत घालून त्याच्यापुढे धरली. म्हणालो, "ही तुम्ही घेऊन जा. बाई शाळेत लावून देतील." त्यानं ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि अगदी हळूच टेबलावर ठेवली. रागावून नव्हे. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," तो म्हणाला. "हिच्यात समदा तुमचाच आवाज हाय."

दारात चपला घालून तो गेला. बाईही त्याच्यामागे गेल्या. जाताना त्यांनी मला एक शब्दानंही दोष दिला नाही आणि नंतरही कधी दिला नाही. त्यांचा अपेक्षित उत्तराचा कोरा रकाना मात्र मी पुढे कधीच लाल शाईनं खुणावला नाही. उलट बाकीच्यांना सांगायला लागलो, तिथं थोडी जागा कोरी सोडत जा म्हणून. डावा-उजवा चहाच्या सुट्टीतही बंद केला. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, असं सांगायचो, आणि शिक्षक म्हणायचे, सर म्हातारे झाले, कशालाही थांबतात. कदम तात्यांना पत्र लिहून मी त्यांच्या मार्कांबद्दल माफीही मागितली. त्यांनी उत्तर पाठवलं की त्यांना ते मार्क आठवतच नाहीत.

एवढं सगळं केलं, पण त्याचा सगुणाला काही उपयोग नव्हता.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आदर्श पाठाचं टाचण काढलं. सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, वरिष्ठांच्या 'उत्कृष्ट' या शेऱ्याचं. त्यात एकच रकाना रिकामा राहिला होता, शेवटचा. मूल्यमापनाचा. पाठानंतर भरू म्हणून मीच सोडलेला. पेन घेतलं आणि अपेक्षित उत्तरात होकायंत्राच्या खाली लिहिलं, कऱ्हा जिकडे जाते ती. मग शेवटच्या रकान्यात लिहिलं, विद्यार्थिनीला उत्तर येत होते. शिक्षकाने विचारले नाही.